वास कसो येता?

लोणी आधीच बाहेर काढून ठेवलं होतं.
शिरोड्यात त्याला फार वेळ लागत नाही,
मिठागरांवरून येणारा वारा
अर्ध्या तासात त्याचा ताठा उतरवतो.
साखर घालून मी फेटत बसलो
आणि हेमलता शेजारी स्टुलावर,
हात मांडीत, नाक नावापुरतं.

त्या तापाला आता दोन वर्षं झाली.
ताप गेला, जाताना वास घेऊन गेला.
सुरंगीचा वळेसार आणि सुका बांगडा
तिला सारखेच.
"अबोली बरी," म्हणते,
"तिका कधीच वास नव्हतो. आमचा जमता."

तीन अंडी, एकेक करून.
दोन वाट्या मैदा, तिनेच चाळून दिलेला.
मग ती बाटली, करंगळीएवढी,
सावंतवाडीहून आणलेली, झाकण चिकटलेलं.
अर्धा चमचा. जास्त झालं तर औषध होतं.
बाटलीत बदाम नसतोच,
बदामाची आठवण तेवढी.

"वास कसो येता?"

पस्तीस वर्षं मी वायरमन होतो.
खांबाखाली उभा राहून सांगायचो
तार कुठे झिजलीय, फ्यूज कुठला गेलाय.
वास सांगायची नोकरी नव्हती.
बदामासारखा, म्हटलं.
"ता माका म्हायत आसा."

मग चाचपडलो.
शाळेतल्या पांढऱ्या डिंकासारखा,
बोट बुडवून हुंगायचो आपण, मग चाटायचो.
किंवा वेळेवरच्या बदामाखाली
पोरं दगडाने फोडतात ती बी...
नाही, ती नुसती तेलकट, हा वास तिचा नाही.
थोडा कडू.
थोडा तुझ्या मावशीच्या लोखंडी पेटीचा,
लुगड्यांत साबणाची वडी ठेवलेली.
"मावशीची पेटी सागवानी होती," ती म्हणाली.
पण बघत होती कुठेतरी लांब,
म्हणजे काहीतरी पोचलं असावं.

लांबट साचा हुसेन पत्रेवाल्याने
तुपाच्या डब्यातून कापून दिलेला.
ओव्हनची कळ चाळिसावर फिरवली.
अठराव्या मिनिटाला वीज गेली.

सगळा गाव मला विचारायचा, कधी येणार?
आता मी कोणाला विचारू?
काचेआडचा पिवळा दिवा विझला,
केक अर्धा चढलेला, मधोमध थरथरता.

ती उठली.
न्हाणीच्या चुलीत करवंट्यांचे निखारे होते.
टोपात वाळू, वाळूवर साचा,
वर परात, परातीत निखारे.
धोंडस करतात तसंच,
तवशाच्या जागी बदाम, एवढाच फरक.

किती वेळ, ते कुठे लिहिलेलं नव्हतं.
पूर्वी ती खळ्यातून ओरडायची, "झालो, काढा!"
नुसत्या नाकाने.
सुरी खुपसून बघणं तिला अपमान वाटे.
आता तिने चिमट्याने परात उचलली,
पदर खोचला, वाकली
आणि कान लावला.

"अजून बोलता हा."

मीही वाकलो. खरंच,
आत बारीक कुरकुर,
ओहोटीनंतर ओली वाळू
भोकाभोकांतून हवा सोडते तशी.
"रवा."
करवंट्यांच्या धुरातून, तापल्या वाळूतून
बदाम वर येत होता.
सांगायला मी तोंड उघडलं,
तिने बोट ओठांवर धरलं.

बऱ्याच वेळाने:
"गप झालो. काढा."

वरून खरपूस, एका कडेला
दातांत करकरणारे वाळूचे चार कण.
तिने सावकाश चावला.
गोड, म्हणाली. मऊ.
मग दुसरा तुकडा हातात धरून,
"आता सांगा. मघाशी काय सांगी होतास?"

मी पुन्हा डिंकापासून सुरू केलं.
पेटी या वेळी सागवानी घेतली.

वीज तिन्हीसांजेला आली.
रिकाम्या ओव्हनने उरलेली बावीस मिनिटं
इमानदारीत मोजली
आणि टिंग केलं.