तासिका तत्त्वावर देवमासा

उदगीरला समुद्र येतो आठवडी बाजारात,
गोणपाटावर ओतलेला, वाळलेला,
सुकट म्हणून.
बाकीच्या समुद्रावाचून इथं कुणाचं अडलेलं नाही.

म्हणून बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाला देवमासा शिकवताना
मी तिथूनच सुरू करते.
सुकट माहीत आहे ना? तिची थंड पाण्यातली,
गुलाबी, जिवंत चुलत बहीण म्हणजे क्रिल.
आणि तिच्यावर जगणारा हा मिंकी.
दात नाहीत.

मुख्तारमामू कपाटाची किल्ली शोधतात.
प्राध्यापकाची जागा नऊ वर्षं रिकामी,
मी तासावर, ऑगस्टचे पैसे अजून यायचेत,
पण मामू कायम आहेत
आणि कपाटातली ती पट्टीही कायम:
वीतभर, पिवळट, एका कडेनं केसाळ,
लेबलावर कुण्या जुन्या सरांची टाकाची शाई.
इथवर कशी आली, कुणाला ठाऊक नाही.
मामू दस्तीनं पुसतात, फुंकर मारतात, पुढच्या बाकावर देतात.

अशा तीनशे या बाजूला, तीनशे त्या.
तोंड उघडायचं, पाण्यासकट घ्यायचं,
गळ्याच्या चुण्या फुगू द्यायच्या,
मग रेटायचं. पाणी बाहेर, घास आत.
शेवटच्या बाकावरून वैजयंता बिरादार:
“म्हंजे चाळणी, मॅडम.
आमची माय डाळमिलात चाळणीवरच हाय.
तुरीला चार नंबरची लागती.”
फळ्यावर मी पुस्तकातला शब्द लिहिलेला असतो.
तो पुसते. चाळणी लिहिते.

“केवढा असतो?”
एसटीपेक्षा जरा आखूड.
“मग लहान कसा?”
त्याच्या भावकीत लहान. थोरल्याशेजारी उभा केला तर वासरू.
पण लहान म्हणूनच बर्फाखालच्या फटीत शिरतो,
एका बुडीत वीस-बावीस घास मारतो,
थोरल्यांना तिथं वळतासुद्धा येत नाही.
वर येताना आधी टोकदार नाक.
जाताना शेपूट दाखवत नाही.
आणि श्वासाला सडक्या कोबीचा वास.
वर्ग इथं जागा होतो.

पाणबुडीतल्या माणसांनी पूर्वी कान लावून ऐकलं होतं,
खालून काहीतरी बदकासारखं ओरडतंय.
कोण ते, पन्नास वर्षं कळलं नाही.
मी मोबाइलवर लावते, आवाज मोठा करते.
मामू मान हलवतात:
“बोअर आटल्यावर मोटर अशीच बोलती.”

मग कान.
त्याच्या कानात मळ साचतो, थरावर थर,
जन्मभर, निघतच नाही.
आडवा कापला की वर्षं मोजता येतात,
फिकट, गडद, फिकट.
मामू, तुमचा जन्म कधीचा?
“बहात्तरचा. अम्मी खडी फोडायला होती,
दुष्काळी कामावर.”

बहात्तर.
त्याच सुमाराला तिकडं दक्षिणेच्या पाण्यात
थोरले संपत आले होते
आणि भाल्यांच्या बोटींनी तोंडं वळवली
या लहानाकडं.
हे मी बोलत नाही. अभ्यासक्रमात नाही,
आणि घंटेला चारच मिनिटं.
नुसतं मनात येतं, तिथल्या एखाद्या कानात
ते साल कसं उमटलं असेल, फिकट की गडद.
मामू करंगळीनं कान खाजवतात.

“मॅडम, तुमी पाह्यलाय का?”
देवमासा?
“न्हाई. समुद्र.”

एकदा. सहलीला, चपला हातात धरून.
पाणी पोटऱ्यांपर्यंत आलं
आणि पायाखालची वाळू
चाळून घेऊन गेलं.

पट्टी परत कपाटात, डांबरगोळ्यांशेजारी.
मिलचा भोंगा होतो, घंटा त्याच्यात बुडते.
वही दप्तरात कोंबत वैजयंता टेबलाशी थांबते:
“चार नंबर न्हाई जमायची, मॅडम.
सुकटीला बारीक लागंल.”