एकशे त्र्याऐंशी

गोकुळ शिरगावात, फाउंड्रीच्या मागच्या खोलीत
शेकर टेबलावर आवळून बसवलाय ब्रॅकेट.
तळहाताएवढा. तीनशे चाळीस ग्रॅम.
विमानाच्या पंखाखाली कुठेतरी
इंधनाची एक नळी धरून ठेवायची,
एवढंच त्याचं काम.

त्याच्या कानावर मी मेणाने सेन्सर चिकटवते.
कान म्हणजे बोल्टाचं भोक असलेला कोपरा.
ड्रॉइंगवर त्याला दुसरं नाव आहे,
पण पॅटर्न मुजावरमामांनी केलाय,
त्यामुळे कानच.

दहा हर्ट्झपासून सुरुवात.
चाळीसला कपाटावरची फाइल सरकते.
नव्वदला माझी दुखरी दाढ.
ब्रॅकेट गप्प.
एकशे साठ, सत्तर, गप्प.

एकशे त्र्याऐंशी.
खाली टेबल जेमतेम हलतंय,
वर कान बावीस पट.
डोळ्याला काही दिसत नाही,
फक्त त्याची कड पुसट होते,
ओलं बोट फिरवलेल्या पाटीवरच्या अक्षरासारखी.

अकरा हजार फेरे मिनिटाला, भागिले साठ.
मी हिशेब तीनदा केला.
इंजिन आकाशात तासन्‌तास
नेमकं इथेच फिरत राहणार आहे.

मगदूम साहेब दारातून:
"तुटला काय, ताई?"
"नाही."
"मग पास की वो."
"तुटला नाही, साहेब. ओ देतोय."

आई कागलची. तिचा दंडक होता,
रात्री बाहेरून कुणी नाव घेतलं
तर तिसऱ्या हाकेशिवाय ओ देऊ नये.
आम्ही अंथरुणात हाका मोजायचो,
बहुतेक वेळा शेजारची म्हैस असायची.
ह्या पोराला सेकंदाला एकशे त्र्याऐंशी हाका,
आणि हा प्रत्येकीला ओ देतो.
धातू दमतो तो असा. भेग नंतर पडते.

मामांनी पॅटर्न पुन्हा घेतला.
कानामागे एक बरगडी, दोन मिलिमीटर,
कानशीने घासून, फुंकर मारून.
अकरा ग्रॅम वाढले. मगदूम साहेब
त्या अकरा ग्रॅमवर दोन दिवस बोलत होते.

नवा ब्रॅकेट दोनशे एक्केचाळीसला ओ देतो.
तिथवर इंजिन कधी जात नाही.

रिपोर्ट लिहून झाला. जुना ब्रॅकेट
आता माझ्या कागदांवर वजन म्हणून बसलाय.
संध्याकाळी उजळाईवाडीहून विमान उठलं,
डोक्यावरून गेलं,
आणि खिडकीची काच खुळखुळायला लागली.
मी तिच्यावर पंजा ठेवला, ते लांब जाईपर्यंत.

सोमवारी लांबी आणायची आहे,
पाव किलो.