आता शिवलं तरी चालतं

टॉडमॉर्डनच्या चॅपलमागची खोली.
हीटर एकच, तोही खोकणारा.
प्रोजेक्टर माझ्या लग्नाच्या वर्षीचा,
राखाडी, शिवणयंत्राएवढा जड,
आणि पडद्यावर गिरणीतल्या बायकांची ब्लॅकपूलची सहल
अर्ध्या हसण्यात
काळी झाली.

'गेला,' हॅरल्ड अंधारात म्हणाले,
वॉर्डात म्हणायचो तसं, घड्याळ बघून.
मग, 'मिसेस गॅजबी, हातमोजे आहेत का?'

गजभिये. एकोणतीस वर्षांत जमलं नाही त्यांना.
आता मीच त्या नावाला ओ देते.
आणि मोजे असतातच माझ्या पर्समध्ये,
निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी.

'आधी निवू दे.'
निवू दिला. चहा झाला.
मॉरीनने बिस्किटांचा डबा फिरवला, अंधारातच,
ज्याला जे हाताला लागेल ते.
मग दिवे लावून पत्रा उघडला:
तापलेली धूळ, तेल, कुठेतरी जळलेल्या केसाचा वास.

'नव्याला बोट लावायचं नाही,' ते सांगत होते,
दोन्ही हात कोटाच्या खिशात कोंबून.
गेल्या वर्षापासून ते हात त्यांचं ऐकत नाहीत.
'कातडीचं तेल काचेला लागतं,
तेवढीच जागा जास्त तापते, फुगते, आणि मग...'

म्हणजे शिवायचं नाही.
मला हसू आलं.
हा शब्द आमच्या घरी पाठ आहे.
आईला तो विहिरीच्या काठावर मिळायचा,
भर उन्हात, रिकाम्या घागरीसकट.
मी तर जन्मभर शिवण्याचाच पगार घेतला:
उसवलेली पोटं, बाळांची टाळू,
गेलेल्यांच्या पापण्या,
हॅलिफॅक्सच्या दवाखान्यात, रबराच्या आडून.
आणि आता हा दोन इंचाचा बल्ब
पुठ्ठ्याच्या देव्हाऱ्यात सोवळ्याने बसलेला,
चोवीस व्होल्ट, अडीचशे वॅट,
त्याची पूजा माझ्याकडे.

जुना हळूच ओढून काढला,
टाके काढावेत तसा. उजेडात धरला.
काच एका अंगाला गळवासारखी फुगलेली
आणि फुगवट्यावर दुधी, भाजून पक्का झालेला
एक अंगठा.
रेषा मोजाव्यात इतका स्वच्छ.

नोव्हेंबरात बल्ब कुणी बदलला होता
ते सगळ्यांना ठाऊक.
एकट्याने, दार आतून लावून.
चढले नसतील मोजे त्या हातांवर.

'काय झालं होतं त्याला?'
नातेवाईक विचारतात तसं विचारलं,
उत्तराला दारातच थोपवून धरत.

'वय,' मी म्हणाले.

'हं. पन्नास तासांचे असतात.
बराच ओढला म्हणायचा.'

नव्याचे दोन पाय भोकांत बसले.
किंचित दाब. टक्.
पडद्यावर आधी नुसता पांढरा चौकोन,
कडेला एक केस थरथरत.
मग बायका: डोक्याला रुमाल, हातात हात,
समुद्राकडे पळत सुटलेल्या,
अर्धं राहिलेलं हसू पुरं करून घेत.
'ती डावीकडची माझी आई,' मॉरीन म्हणाली.
दर वेळी म्हणते.
हॅरल्डकडे मी वळून पाहिलं नाही.
खिशातल्या किल्ल्यांचा आवाज तेवढा येत होता,
बारीक, अखंड.

परतीच्या बसमध्ये वरचा मजला रिकामा.
जुना बल्ब रुमालात होता. टाकवला नाही.
आई बांगडीला फुटली म्हणायची नाही,
वाढली म्हणायची.
याला काय म्हणू?

हेब्डन ब्रिज मागे पडलं. कालव्यावर एक होडी,
तिच्या खिडकीत कुणीतरी कांदा चिरत होतं.
मी अंगठ्यावर अंगठा ठेवला, उघडा.
त्यांचा मोठा निघाला, चहूबाजूंनी उरला.

काच गार.
आता शिवलं तरी चालतं.