विरजण

दत्त नगरात, बंद पडलेल्या कारखान्याच्या शेडात
माग उचलून नेले, फरशीत बोल्टांची भोकं राहिली.
तिथं दर रविवारी, चार ते साडेपाच,
भूदेवी कोडम शिकवते.
पन्नाशीची. गुडघ्याला पट्टा.
एके काळी कबड्डीत डाव्या कोपऱ्यावर उभी राहायची.

मी गेले ती लेकीच्या सोबतीला.
स्वतःला वाचवायचं शिकायला जातानाही
पोरीला सोबत लागते आमच्यात.

वाटलं, पहिल्याच दिवशी गुद्दा शिकवेल.
तिनं डोळे मिटायला लावले.
दारं किती? खिडकी कुठली उघडी?
तुझ्या पाठीमागं कोण उभंय?
बारा वर्षं मी याच शेडात कांड्या भरल्या,
आणि दारं किती, ते सांगता येईना.

मग म्हणाली, तुम्ही मागावरच्या बाया.
धागा तुटायच्या आधी काय होतं?
आवाज बदलतो, आम्ही म्हणालो, सगळ्या एकदम.
धोट्याचा ठेका जरासा लंगडतो,
डोक्याला कळायच्या आत हात दांड्यावर जातो.
"मग माणसाचा ठेका का ऐकू येत नाही, अम्मा?"

दोन रविवार नुसतं ओरडायला गेले.
"थांब. तिथंच."
नागूबाई येमूलच्या तोंडून निघालं, "थांबा ना."
हसून हसून पोटं दुखली,
मग कुणीच हसेना.
मनगट धरलं तर अंगठ्याच्या बाजूनं फिरवायचं,
मूठ तिथंच कच्ची असते.
लेकीनं माझ्यावर करून बघितलं. सुटली.
मला बरं वाटलं, आणि थोडं नाहीही.

रेणव्वा तोवर गप्प होती.
शेवटच्या ओळीत, पदर दातात.
एकदा म्हणाली,
दोन हात अंतर ठेवा म्हणता बाई.
एकाच सतरंजीवर झोपतो
त्याच्यापासून दोन हात कुठून आणू?

भूदेवीनं गुडघ्याचा पट्टा सोडला,
परत बांधला.
यावर डाव नव्हता तिच्याकडं.
बऱ्याच वेळानं विचारलं,
"तुझ्या भिंतीपलीकडं कोण राहतं?"

मी, मी म्हणाले.

भिंत कसली, पत्राच.
तो जेवताना ताट सरकवतो तेही ऐकू येतं मला.
दहा वर्षं ऐकलं, आणि टीव्ही मोठा केला.

ठरलं ते असं:
विडीची कात्री पत्र्यावर तीनदा.
मार बसल्यावर नाही.
ठेका बदलला की.

मे महिना. लाईट गेलेली,
साडेअकराला पत्र्याची धग अजून हाताला लागत होती.
टक. टक. टक.

आम्ही सात जणी गेलो, वाट्या घेऊन.
रेणव्वा, विरजण हाय का गं?
मला पण चमचाभर.
मला काडेपेटी.
तो दारात, कमरेचा पट्टा हातात.
"काय करालाव बे इतक्या रात्री?"
नागूबाई उंबऱ्यावर बसलीच.
म्हणाली, दूध रात्रीच लावतात, भाऊ.
आवाज नुसता जात्यासारखा,
"ना" कुठंच नव्हता त्यात.

सात वाट्या भरायला वेळ लागतो.
रेणव्वा सावकाश भरत होती.
त्यानं पट्टा खुंटीला अडकवला,
जणू तेवढ्यासाठीच काढला होता,
आणि बाहेर जाऊन विडी पेटवली,
कदाचित आमच्यातलीच कुणीतरी वळलेली.

काहीच झालं नाही.
ते कुणाला सांगायचं आणि कसं?

दर वेळी जमेल असं नाही, भूदेवीच म्हणते.
म्हणून ठाण्याचा नंबर
लेकीनं पत्र्यावर कोळशानं लिहिलाय,
दोन्ही बाजूंनी.
रेणव्वा गोणीची वळकटी घेऊन त्या रात्री
माझ्याकडं झोपली. घोरते बाई.

माझ्या घरात दूध नव्हतंच.
ते विरजण मी अंधारात उभ्यानं खाल्लं.
आंबटढोण.