उणे नऊ

कुडचडेच्या वजनकाट्यावर खनिजाचा ट्रक उभा,
ड्रायव्हर सावलीत विडी ओढतोय,
आणि पडद्यावर वजनाऐवजी
चौकोन, प्रश्नचिन्हं, एक एकटा स्वल्पविराम.
“काल रातीपासून असंच,” कायतान बार्रेटो म्हणतो.

मी फोंड्याहून आलेली. पिशवीत मीटर, कथील,
एक सुटा नऊ पिनांचा कनेक्टर.
तीन नंबर आणि पाच नंबर धरते:
उणे दीड. अधिक एक. उणे अर्धा.
उणे तीन ते अधिक तीन, या पट्ट्यात
होकार नाही, नकार नाही,
नुसतं सरकारी खात्यातलं “बघू”.

पाचव्या पिनेवर हिरवा गंज.
जमीनच तुटलेली.
दोन टोकांची जमीन एक नसली
तर एकाचे नऊ दुसऱ्याला नऊ कसे वाटावेत?

कापते, सोलते, डाख देते.
मीटर थांबतो: उणे नऊ.
“उणे? उलटं जोडलंत, बाय.”
नाही हो. तारेवर उणे म्हणजे एक.
आत, पाटीवर, पाच व्होल्टचा एक असतो,
दारातली चिप त्याला उलटा करून बाहेर सोडते,
पलीकडची पुन्हा सुलटा.
तो हसतो. त्याची आई कोंकणीतच मागणं मागायची,
लिहायची मात्र रोमीत.

“पण आता कायच पाठवत नाही. ओगी रावल्या?”
गप्प आहे. मेलेली नाही.
मेली असती तर काटा शून्यावर पडला असता.
गप्प राहायला तिला रात्रभर
उणे नऊ धरून ठेवावे लागतात.
बोलायचं झालं की एकदा वर उसळते,
तिथून पुढे मोजायचं.

कायतान मीटरकडे बघत राहतो.
भाऊ स्विंडनला. तीन नाताळ झाले, फोन नाही.
“थंयही उणे नऊ असतील?”
माझ्या मीटरची वायर हातभर.
मी बिल लिहायला घेते.

एकोणीस टन सहाशे चाळीस. ट्रक गेला.
काटा रिकामा, तरी तो बटण दाबतो, खात्रीसाठी.
शून्य येतं.
पावतीच्या पाठीवर मी ते पेनानं सोडवून दाखवते:
आधी सुरुवातीचा शून्य,
मग चार शून्य, दोन एक, दोन शून्य,
शेवटी थांबण्याचा एक.
“म्हणजे काहीच नाही असं कळवायलासुद्धा
आठांत दोन एक लागतात?”
लागतात.
तो पावतीची घडी घालतो,
गल्ल्यात न टाकता
शर्टाच्या खिशात ठेवतो.