लाल पूर्वेला, पांढरं पश्चिमेला

आडनाव त्यांचं ताक.
रुवैसच्या कॅम्पात पहिल्या दिवशी आम्ही मेसवाले
तोंड फिरवून हसलो होतो.
आता सहा वर्षं झाली, ताकसाहेब म्हणताना
जिभेला काही आंबट लागत नाही.

भाद्रपदातली पौर्णिमा.
आमचा पितृपक्ष उद्यापासून,
त्यांचे पूर्वज आजच जेवायला येतात.
पहाटे चारला दार वाजलं:
पाड्याळ, तांदळाची पिठी आहे ना?

उकड मी काढली. अर्धे चंद्र त्यांनी वळले,
करंजीएवढे, आत तीळ आणि मध.
चाळणीत पाइनच्या सुया हव्यात म्हणाले,
तो वास नसला तर वडील ओळखणार नाहीत.
पाइन कुठला इथे?
मी खजुराची कोवळी पाती धुऊन दिली.
दुधाची तहान ताकावर, असं आमच्यात म्हणतात,
सांगणारच होतो,
आडनाव आडवं आलं.

लाल फळं पूर्वेला, पांढरी पश्चिमेला.
मासा पूर्वेला, मटण पश्चिमेला.
पत्र्याच्या खोलीत, ना खिडकी ना झरोका,
पूर्व कुठली?
छतावर हिरवा बाण होता, मक्केकडे तोंड केलेला,
आधीच्या कुणा सुदानी फोरमननं चिकटवलेला.
त्यावरून साहेबांनी पश्चिम धरली
आणि डाळिंबं उचलून पलीकडे नेली.
दार उघडं टाकलं, येणाऱ्यांसाठी.
एसीची थंडी बाहेर चालली, वाळू आत.

भावाचा फोन लागला नाही.
तो बायकामुलांसह कुठल्याशा बेटावर, हॉटेलात;
पूर्वजांचं ताट त्यानं ऑनलाइन मागवलंय,
ते बंद घराच्या दारात पोचलं असेल.
मुलगी लागली, ह्यूस्टनहून. तिकडे अजून कालची रात्र.
नाव सोयुल. तिथे क्लोई.
ती इंग्रजीत बोलत होती, हे कोरियनमध्ये,
मधे मी, हातात कालथा.
एवढं कशाला मांडता बाबा,
आजोबांना कॉफी ठेवा, काळी.

मला वाटलं, आता भडकतील.
ते खाली बसले.
वडील त्यांचे जुबैलच्या धक्क्यावर सिमेंट वाहायचे,
सत्त्याहत्तर साली, ह्याच उन्हात.
कुणा अमेरिकन मुकादमानं कपात काळं काहीतरी ओतून दिलं,
आणि गावात पहिला डबा त्यांनी नेला.
आजीनं ती भाताच्या वाडग्यात ढवळून
औषधासारखी घोट घोट वाटली.

मेसमधून मी कप आणला.
कुठे ठेवायचा? नियमात कॉफी नाही.
पश्चिमेला, मी म्हणालो, शहाण्यासारखा.
त्यांनी बाणाकडे पाहिलं, मग फोटोकडे,
आणि कप मधोमध ठेवला.

दोनदा कपाळ जमिनीला टेकलं.
मीही हात जोडले, कुणाला ते न कळून.
खालून पाहिलं तर बाण नीट पश्चिमेला नव्हताच,
जरासा दक्षिणेकडे कललेला,
आमचे लोक असतात त्या बाजूला.

मग प्रसाद. अर्धा कप त्यांनी मला दिला.
गार झाली होती.
साखर राहिली, मी म्हणालो.
वडिलांना चार चमचे लागायची, ते म्हणाले,
आणि डबा घेऊन यायला मला
मेसपर्यंत पळवलं.