शिलाईची जागा

विद्यापीठात जुन्या पोथ्या दुरुस्त करायला माणूस हवा होता.
टेबलापलीकडची मुलगी
माझ्या हेमांगीहून फार तर दोन वर्षांनी मोठी.
तिनं विचारलं, "पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता?"
मी म्हटलं, "रावपुऱ्यात. पोस्टाच्या मागे, दुसरा मजला."
ती हसली नाही. लिहून घेतलं.

परतताना सूरसागरच्या कठड्याला टेकलो.
वय एक्कावन्न. त्यातली एकतीस वर्षं
चोपडे शिवण्यात गेली.
दिवाळीआधी लाल कापडाचे तागे,
पानाला आठ घड्या, रेघ एकही नाही,
घडीच्या सळातच जमा आणि नावे आपापली राहतात.
किती शेठांचा नफा मी कोरा असताना हाताळलाय!
आता ते कॉम्प्युटरला कुंकू लावतात,
शकुनापुरता एक चोपडा नेतात,
तोही लहानातला, घासाघीस करून.

त्या रात्री वाकड्या पाठीचा एक घरी आणला.
विकला गेला नव्हता, जाणारही नव्हता.
पहिल्या पानावर श्री काढलं
आणि पेन अडलं.
इतकी कोरी पानं या हातांखालून गेली,
एकावरही स्वतःचं काही लिहावं
असं कधी सुचलं नव्हतं.
शेवटी लिहिलं:

चष्म्याचा नंबर.
हेमांगीच्या नर्सिंगचा शेवटचा हप्ता, जूनच्या आत.
जुन्या कागदाला कुठली खळ मानवते ते शिकणे.
रविवारी दुकान बंद म्हणजे बंद.
मग बराच वेळ थांबून, बारीक अक्षरात:
एक तरी पुस्तक असं बांधणे
की मी गेल्यावरही उघडताना करकरणार नाही.

सकाळी बघतो तर निम्मे शब्द
पाठीच्या वळणात, दोऱ्याखाली गेलेले.
आणि गिऱ्हाइकाला मीच रोज सांगतो,
शेठ, आतल्या अंगाला दोन बोटं सोडा,
ती जागा शिलाईची.
काठोकाठ लिहिणाऱ्याचं शिवणीत जातं.
स्वतःचं मांडताना हात विसरला.
हेमांगीच्या काविळीला किती बोटं सोडली होती?
विश्वामित्रीचं पाणी गोदामात शिरलं त्या आठवड्याला?
कुणाच्या मयताला, कुणाच्या लग्नाला,
नुसतंच कंटाळून बसण्याला?

पुन्हा लिहिलं. या वेळी दोन नाही, तीन बोटं सोडून.
यादी लहान झाली.
पण दिसत होती.

मग काम, मग लाभपाचम, मग थंडी.
चोपडा कपाटावर, पापडाच्या डब्याखाली.
माघात काढला तेव्हा हातात उलटा आला.
मागच्या पानावर कुंदाचं अक्षर,
वाण्याच्या यादीसारखं, एकाखाली एक:

सकाळी सहा ते सात मला कुणी हाक मारू नये.
ह्यांना न सांगता साठवलेले, अकराशे चाळीस.
गिरनार. डोली नको, पायी.
दहा हजार पायऱ्या. आपला दादर चव्वेचाळीस.
रोज चार खेपा, संक्रांतीपासून सहा.

मी खाली बसलो.
महिनाभर मीच करवादत होतो,
काय गं सारखी खाली-वर करतेस,
एका खेपेत आठवत नाही का, कोथिंबीर काय, दूध काय?
ती म्हणायची, "विसरते हल्ली."
आणि पदरानं कपाळ पुसायची.

विद्यापीठाचं पत्र आलं. प्रतीक्षा यादीत दुसरा.
म्हणजे पहिल्याला काही झालं तर.
देव त्याला सुखी ठेवो.
मी गव्हाच्या खळीत मोरचूद घालून पाहतोय,
घरचाच एक फाटका पंचांग-गठ्ठा घेऊन.
अजून जमत नाही, सुकल्यावर पान आखडतं.

तिच्या पानावर मी काही लिहिलं नाही.
वाचलंय हेही सांगितलं नाही.
दादरावरचा दिवा गणपतीपासून गेलेला,
शेजारी म्हणत तुम्ही आणा, मी म्हणत होतो त्यांनी आणावा.
तो बदलला.

आता सहाला डोळे मिटून पडून राहतो.
खालून तिचा आवाज वर येतो, पुटपुटता,
एकोणीस, वीस, एकवीस,
तिथं जरा थांबतो,
बाविसावी पायरी झिजलेली आहे,
मग पुढचा आकडा.